गोदाकाठ पाण्यावरून पाहावा

बीड जिल्हा म्हटला की बाहेरच्यांना दुष्काळ आणि ऊसतोड एवढेच आठवते. याच जिल्ह्याची उत्तरेकडची शीव गोदावरीने आखली आहे, हे चटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. स्थापत्य आणि कोरीव लेख हा माझा विषय. त्या अभ्यासातून माझे मत बनले आहे ते असे, की या काठावरची जुनी देवळे, घाट आणि वाडे गाडीने जाऊन बघता येतात, पण त्यांचा अर्थ लागायचा तर होडीतून यावे आणि गावोगावच्या घाटावर उतरावे. गेवराई तालुक्यातले राक्षसभुवन घ्या. शनिमंदिरामुळे गाव सर्वांना ठाऊक आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामअलीचा इथे पराभव केला. त्या विजयात पराक्रम होताच, पण डाव नदीनेही फिरवला. ऐन पावसाळ्यात गोदेला पूर आलेला. निजाम काही फौजेनिशी पैलतीरी उतरून गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या सैन्यासह दक्षिण तीरावर राहिला होता. मराठ्यांनी त्याला तिथेच गाठले. तो मारला गेला, आणि निजामाला पलीकडून कुमक धाडता आली नाही. डांबरी रस्त्यावरून ही रणभूमी म्हणजे नुसती शेते. होडी पात्राच्या मध्यावर आली की मात्र दोन्ही काठांमधले अंतर दिसते आणि फौज का तुटली ते कोणी समजावून द्यावे लागत नाही.

खाली माजलगाव तालुक्यात पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात इथे जत्रा लोटते, लोक देवाला पुरणाचे धोंडे वाहतात. अभ्यासकाला हे गाव ठाऊक असते ते देवगिरीचा राजा रामचंद्र यादव याच्या ताम्रपटामुळे. वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला. त्यावर शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० ची मिती आहे. १३०७ मध्ये दिल्लीच्या सुलतानाचा सेनापती मलिक काफूर देवगिरीवर चालून आला, राजा पकडला गेला, दिल्लीचा मांडलिक झाला. त्यानंतरही इथे अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेली वस्ती, वसवला जात होता, हे त्या पत्र्यांवरून कळते. इथल्या मंदिराच्या विटाही मुद्दाम हातात घेऊन पाहाव्यात अशा. पाण्यात टाकली तर तरंगेल इतकी ही वीट हलकी, म्हणून तिच्याकडे चमत्कार म्हणून बघितले जाते. मला त्यात कारागिराची समज दिसते. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीवर उंच बांधायचे तर वरचा भार कमी हवा. वीट त्यासाठीच अशी घडवली असावी, असा माझा तर्क आहे. नदीशी असलेले हे नाते घाटावरून मंदिराकडे चढून जाताना जितके जाणवते तितके मागच्या वाहनतळावरून जाणवत नाही.

गोदेला बारमाही पाणी कुठे आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. जायकवाडीखाली उन्हाळ्यात पात्र उघडे पडते. पण जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी या उच्च पातळी बंधाऱ्यांमागे पावसाळ्यानंतर पाणी साठते. एका बंधाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत होडी, पुढे बैलगाडी किंवा जीप, असा प्रवास दिवाळीनंतर आखता येईल. पूर असताना किंवा जीवरक्षक जाकिटांशिवाय मात्र कोणी माणसे पाण्यात नेऊ नयेत. दुसरा आक्षेप गावोगावच्या जुन्या ठेव्यांबद्दलचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे: मौल्यवान वस्तू खेड्यांत न ठेवता शहरातल्या संग्रहालयात हलवाव्यात, तिथे त्या सुरक्षित राहतील. मला तो अर्धाच पटतो. याच जिल्ह्यात अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या त्या कापडावर पंचीकरणाचा, म्हणजे पंचमहाभूतांच्या मिश्रणाचा, वेदान्तातला विषय ओव्या आणि आकृत्यांनी मांडला आहे. हा अमोल ठेवा शतकानुशतके त्यांच्या घराण्याने देवघरात सांभाळला, म्हणूनच आपल्यापर्यंत आला. कापडाला ऊन, दमट हवा आणि वारंवारच्या घड्या बाधतात, त्यामुळे मूळ वस्तू जपून ठेवावी. पण पूर्ण आकाराची प्रतिकृती त्याच गावात, त्याच घरापाशी उलगडलेली असावी. पुरुषोत्तमपुरीच्या घाटावरही ताम्रपटाची प्रतिकृती आणि त्याचा मराठी अर्थ लावता येईल. त्याला मोठ्या इमारतीची गरज नाही. घाटाजवळचा एखादा पडका वाडा डागडुजी करून पुरेल, आणि होडी वल्हवायला नदीची नस ओळखणारी भोई मंडळी काठावरच्या गावांत आहेतच.