बेचाळीसवरून थेट एकवीस!

परवा एक आकडा वाचला आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून सांगत सुटलोय. शिरोड्याच्या बाजारात मासळीची पिशवी हातात असतानाही! 42.4 टक्क्यांचे 21.1 झाले. चक्क निम्मे!

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी गर्भपिशवी काढली की पुष्कळ बायकांना पुढे रेडिएशन लागतं. पिशवीच्या रिकाम्या जागेत लहान आतड्याची वेटोळी उतरलेली असतात, त्यामुळे मार त्यांनाही बसतो. कॅन्सर जातो, जुलाब आणि कळा मात्र वर्षानुवर्षं मागे लागतात. आमच्या वाडीतली एक काकी म्हणायची, "माका येष्टीत बसाची भीती वाटता." सावंतवाडीच्या लग्नांना जाणंच तिनं सोडलं. जीव वाचला ना, मग हे सोसायचंच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

आणि इथे टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच त्रास चाचणीला घेतला! नाव 'पार्सर'. 2011 ते 2019 या काळात 300 बायका, दोन गट. एका गटाला नेहमीचं रेडिएशन, दुसऱ्याला आयएमआरटी. यात यंत्राच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या सरकत राहतात आणि किरणांना आकार देतात. मिठागरात हव्या त्या वाफ्यात पाणी घेऊन शेजारचा कोरडा ठेवावा, तसं. शिवाय लघवी धरून टेबलावर झोपायचं, कारण भरलेलं मूत्राशय आतडी वर ढकलतं. आणि किरण सोडण्याआधी आतलं चित्र काढून जागा तपासायची.

2021 साली निकाल छापून आला. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास झालेल्यांचं प्रमाण निम्म्यावर, आणि कॅन्सर उलटण्यात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नाही. जगातल्या डॉक्टरांना उपयोगी पडेल असं उत्तर आपल्या मुंबईत, आपल्याकडच्या बायकांच्या साथीनं मिळालं, आणि मला ते इतक्या उशिरा कळावं!

एक मात्र आहे: ही चाचणी ऑपरेशन झालेल्यांवर होती. पिशवी आत असताना रेडिएशन घेणारीला हा आकडा जसाच्या तसा लावू नये. पण ऑपरेशन झालेलं असेल, फाईल काखेत मारून तुतारी एक्स्प्रेसनं दादर गाठायचं असेल, तर डॉक्टरांना बेधडक विचारा: आयएमआरटी मिळेल का? आणि रोज आतलं चित्र काढणार का?