अब्बांच्या कबरीचा फोटो

शाबानचा चांद दिसला तेव्हापासून अम्मीचं एकच म्हणणं होतं, "मला नुसता फोटो आणून द्या." आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. अब्बांना जाऊन 22 वर्षं झाली, पण त्यांची कबर तिने पाहिलेली नाही. आम्हा दोघा भावांचंही नोकरीमुळे चार वर्षं जाणं झालं नव्हतं, फातिहा घरूनच. शेवटी एका रविवारी कल्याणहून खोपोली लोकल धरून पळसदरीला उतरलो.

अब्बा याच लाइनवर गँगमन होते. 1856 साली इथवर गाडी आली, पुढचा घाट चढून खंडाळ्याला जायला मात्र 1863 उजाडलं. घाटाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. काम त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने पुढे नेलं. त्याचं नाव पुस्तकात आहे. 1861 च्या सुमारास 42 हजारांपर्यंत मजूर घाटात राबत होते, पटकीने नि तापाने त्यांतले हजारो गेले, त्यांचं नाव कुठेच नाही. अब्बा रुळाकडे बोट दाखवून म्हणायचे, "हाच त्यांचा कतबा."

कबर पक्की बांधू नये, असं हदीसमध्ये आहे. आमच्यापैकी एक जण शाळेत उर्दू-मराठी शिकवतो, मुलांना हे समजावून सांगतो. त्या दिवशी मात्र वाटलं, निदान एक दगड तरी खुणेचा ठेवायला हवा होता.

सलाम करून आत गेलो. चाफ्याखालची दुसरी, ही आमची खूण. चाफाच तुटला होता. सगळीकडे वाळलेलं गवत. जुन्या उंचवट्यांचे फोटो काढत आम्ही तासभर फिरलो. मग गोरकन आला. म्हातारा आहे, अब्बांना ओळखत होता. त्याने जागा दाखवली आणि खाली बघत म्हणाला, "मागच्या पावसाळ्यात इथं दुसरी मय्यत ठेवली. जागा पुरत नाही, भाई."

परतीच्या गाडीत आमचं भांडण झालं. धाकटा म्हणाला, कुठलाही फोटो दाखवू. थोरल्याला ते पटेना.

अम्मीला खरं तेच सांगितलं. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, बराच वेळ बघितला.

"बरं झालं, सोबत मिळाली," ती म्हणाली. "कोणाच्या घरचं आहे ते?"

हे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा जायचं आहे.