चैत्रातील धुवण

संस्कृत काव्यपरंपरेने रूढ केलेला मृदू, शीतल वसंत परभणीच्या परिसरात सहसा भेटत नाही. फाल्गुन सरताना येथील ऊन अंग भाजू लागते आणि नेमके तेव्हाच घरामागचे अंगण फुलायला घेते. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र'ने (१९५६) मराठी वाचकाला महिन्यामहिन्याने झाडे पाहायला शिकविले. मराठवाड्यात मात्र झाडाबरोबर रांजणाकडेही पाहावे लागते.

येथील एका घरी निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई रोज तांदूळ-भाजीचे धुवण साठवून मोगऱ्याला घालीत. शेवग्याला त्यांनी कधी पाणी दिले नाही. तो आपला आपण फुले, शेंगांनी लगडे. कडुनिंबाचे तर विचारूच नये. आधी पाचोळ्याचा ढीग, मग तांबूस पालवी, आणि पाडव्याच्या सुमारास बारीक पांढऱ्या फुलांचा सडा. त्यांचा मधासारखा वास रात्री ओसरीपर्यंत येई. एवढ्या कडू झाडाला हा वास कोठून, याचे नवल बाईंना अखेरपर्यंत वाटत राहिले.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या दिवसांत या घरचा रांजणही तळाला गेला होता. मोगऱ्याने कळ्या धरल्या होत्या. बाईंनी दोन दिवस कसेबसे निभावले. तिसऱ्या दिवशी ते धुवण शेजारच्या गाईपुढे ठेवले. कळ्या न उमलताच तपकिरी झाल्या. कडुनिंब तेवढा बहरलेलाच होता. त्याखालून जाताना फुले पायाखाली येऊ नयेत म्हणून बाई भिंतीच्या कडेने चालत.