दोन दिवे, दोन्ही हिरवे

पूर्वी नाटक कंपनीत मुख्य नटाची नक्कल पाठ असलेला एखादा बदली नट असे. बिचारा वर्षानुवर्षं विंगेत उभा राही आणि ज्या दिवशी मुख्य नटाचा घसा बसे, नेमका त्याच दिवशी याचाही बसलेला निघे! माझा धंदा अशाच बदली नटांची देखभाल करण्याचा आहे. एका इस्पितळातल्या संगणकांचं जाळं मी सांभाळतो.

तिथल्या मुख्य सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं आहेत. दोघांच्या वायरी दोन निराळ्या स्विचांना जातात. एक कार्ड राबतं, दुसरं बसून असतं. पहिलं पडलं की दुसऱ्यानं उठायचं. या जोडणीला बाँडिंग म्हणतात. सौभाग्यवतींना हे समजावून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे एकाला बसून पगार!"

एका रात्री दोनच्या सुमारास फोन आला. अतिदक्षता विभागात रक्ताचे रिपोर्ट दिसेनात. एका वृद्ध गृहस्थांचं पोटॅशियम किती, हे कळल्याशिवाय डॉक्टरांचं पुढचं पाऊल अडलं होतं. शेवटी वॉर्डबॉय लॅबमधून कागद घेऊन तीन जिने धावत चढला. (ते गृहस्थ पुढं आठवड्यानं घरी गेले, हे आताच सांगून टाकतो.) मी पोचलो, तर सर्व्हरच्या पाठीशी दोन्ही दिवे हिरवेगार! सर्व्हरला विचारलं, तर त्याचंही म्हणणं तेच: दोन्ही कार्डं सुखरूप.

अशा वेळी दिव्याकडे पाहत बसू नये, एकेक पाऊल पुढं जाऊन हाक मारावी. मी हाक मारली. पहिल्या स्विचच्या पलीकडून उत्तर नाही. मग चालू कार्डाची वायर सरळ उपसली. क्षणात दुसरं कार्ड जागं झालं आणि रिपोर्ट धडाधड येऊ लागले. दुसरी वाट शाबूत होती, तिला कुणी उठवलंच नव्हतं! तुटली होती ती स्विचच्या पुढची वायर. दिव्याला कळतं ते एवढंच, की शेजारी घरात आहे. त्याच्या परसामागचा पूल वाहून गेला, तर दिव्यानं काय करावं?

जोडणी बसवणाऱ्या कंत्राटदारानं नुसता दिवा पाहण्याचीच व्यवस्था ठेवली होती. आता सर्व्हर दर सेकंदाला पलीकडच्या दोन ठिकाणांना 'आहात का?' म्हणून विचारतो. दोन अशासाठी, की एकालाच विचारलं आणि तोच झोपला, तर धडधाकट वायरही मेली म्हणायची.

पण वाटा तरी खरोखर दोन आहेत ना? ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबली एकाच दिवशी तुटल्या. मालक निराळे, समुद्र एकच. आणि इथं आपल्याकडचं इंटरनेट रखडलं. ते आठवून मी इस्पितळातल्या दोन्ही वायरींचा माग काढला. दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघरामागं, दोघी एकाच नळीतून गळ्यात गळे घालून चाललेल्या! स्वयंपाकघराशेजारी उंदीर किती, ते आचाऱ्याला विचारा. एका वायरीची रवानगी दुसऱ्या जिन्यानं केली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, आधी वॉर्डात सांगून, मी एक वायर उपसतो. पुढल्या महिन्यात दुसरी. सिस्टर घड्याळ लावून बसतात. गेल्या खेपेला तीन सेकंद लागले, आणि त्यांना तेही फार वाटले.