यजमान, पाहुणे आणि ज्वारीचं पीठ



"आयोडीन टाकलं की स्टार्च निळा होतो," हे वाक्य आपल्या उदगीर परिसरातल्या मुलांना तोंडपाठ असतं. पण निळा का होतो? या आठवड्यात हे विचारून बघा.

चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात उकळा, गार करून गाळा आणि भरपूर पाणी घालून पातळ करा. त्यातच मीठ आणि साखर घाला. आता बीटाडीनचा एक थेंब टाका. तांबूस थेंब निळा होईल. नुसत्या मीठ-साखरेच्या पाण्यात मात्र तो तांबूसच राहतो.

पिठातल्या अमायलोजची लांब साखळी स्प्रिंगसारखी वळते. एका वेढ्यात साधारण ६ ग्लुकोज. आतल्या पोकळीत आयोडीन रांगेनं बसतं. अमायलोज यजमान, आयोडीन पाहुणा. गंमत म्हणजे बीटाडीनमध्ये हाच पाहुणा पोव्हिडोन नावाच्या दुसऱ्या यजमानाकडे उतरलेला असतो. आपल्या भांड्यात त्यानं घर बदललं!

मुलं म्हणतील, "सर, आयोडीनला स्टार्च आवडतं." इथं थांबा. रेणूला आवडनिवड नसते. रेणू सतत एकमेकांवर आपटतात, चिकटतात, सुटतात. सैल जोडी लवकर सुटते, नीट बसलेली जास्त टिकते. हळूहळू मिश्रणाची आपोआप वर्गवारी होते. पुरावा हवा? परीक्षानळी कडक गरम पाण्यात धरा. निळा रंग फिका पडतो. गार झाली की बराचसा परत येतो.

या यजमान-पाहुणे रसायनशास्त्राला १९८७ चं नोबेल मिळालं. पेडरसन, क्रॅम आणि लेन यांना. पेडरसन यांच्या कड्यासारख्या रेणूंत मापाला महत्त्व होतं: एका कड्यात पोटॅशियम नेमकं बसतं, त्याहून लहान कड्यात सोडियम.

मुलं रेणू नाहीत, त्यामुळे तुलना फार ताणू नये. तरी एक गोष्ट मला सारखी टोचते. भांड्यात योग्य जोड्या जमतात, कारण चुकीची जोडी सुटू शकते. आपण मात्र एका चाचणीवर मुलाला 'कच्च्या' बॅचमध्ये बसवतो आणि वर्षभर तिथंच ठेवतो. वर्गवारी करायचीच असेल, तर सुटायची वाट उघडी ठेवू या. दर महिन्याला गट बदलून बघा. पालकांनीही जूनमध्ये "बॅच कोणती?" एवढंच न विचारता, "ती बदलते कधी?" हेही जरूर विचारावं.