कासवाची टाकी घासताना

प्रिय सुनंदा,

रेवाच्या कासवाचा फोटो मिळाला. डोळ्यांमागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा आहे, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडरच. आमच्याकडे पुण्यात आहे तेच. गोड आहे गं! पण फोटोत टाकीच्या शेजारी विसळलेली भांडी आणि कोथिंबिरीची जुडी दिसली, आणि खाली तू लिहिलंयस की दर रविवारी टाकी सिंकमध्येच घासतेस. ते वाचून राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसले. ओंकार जेमतेम तीन वर्षांचा, आणि उन्हाळ्यात तुझ्या सासूबाई यायच्या आहेत. आधी टाकी स्वयंपाकघरातून हलव, बाकीचं पत्र मग सावकाश वाच.

कारण आहे साल्मोनेला. हे जंतू कासवाच्या आतड्यात सुखाने नांदतात, त्याला काही होत नाही. ते खातं, पोहतं, पाय ताणून ऊन खात बसतं. पण विष्ठेतून जंतू पाण्यात येतात, पाण्यातून कवचावर, दगडांवर आणि मग आपल्या हातांवर. रोज येतीलच असंही नाही, त्यामुळे एकदा तपासणीत काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. औषधानेही ते पुरते जात नाहीत. आपल्याला मात्र जुलाब, ताप, पोटात कळा. लहान मुलांत आणि वयस्कर माणसांत तर जंतू रक्तातही शिरू शकतात.

तुमच्या अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळायला म्हणून विकण्यावर १९७५ पासून बंदी आहे ती याचमुळे. इवलीशी कासवं मुलं सरळ तोंडात घालायची. त्या बंदीमुळे वर्षाला सुमारे एक लाख मुलांचं आजारपण टळलं, असा तिथल्या आरोग्य खात्याचा अंदाज आहे. म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या ज्या दुकानातून रेवाने हे दीड इंचाचं पिल्लू आणलं, त्याने ते विकायलाच नको होतं. त्याचा राग पोरीवर काढू नकोस हं. मात्र ओंकारने कासवाला आणि टाकीला हात लावायचा नाही, हे पक्कं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तिथले डॉक्टरही हेच सांगतात. सासूबाईंनीही पाण्यात हात घालू नये. आणि रेवाने कासवाचा पापा घेणं बंद!

माझ्या आजीचं सोवळं तुला आठवतं ना? कासवाच्या सामानाचं अगदी तसंच ठेव. त्याची बादली, त्याची घासणी, त्याचा मग, त्याची नळी, हातमोजे, टॉवेल, सगळं वेगळं. सगळ्यांवर लाल चिकटपट्टी लाव, म्हणजे घाईत कोणी ती घासणी भांड्यांना वापरणार नाही. टाकी अंगणात धुता आली तर उत्तम. बाथरूममध्ये धुवावी लागली तर नंतर टबही ब्लीचने धुऊन काढ. घाण पाणी संडासात ओत. भाजीच्या वाफ्यात तर मुळीच नको.

आता प्रत्यक्ष घासायचं कसं ते सांगते. सगळ्यात आधी हीटर आणि फिल्टरचा प्लग काढ आणि हीटर पाण्यातच पंधरा मिनिटं निवू दे. गरम हीटरची काच एकदम उघडी पडली तर तडकते. कासव त्याच्या बादलीत ठेव, बादलीत थोडं टाकीइतकंच कोमट पाणी घाल. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नकोस. नळी आधी पाण्याने भरून घे, दोन्ही टोकं अंगठ्याने दाबून एक टोक टाकीत बुडव, दुसरं खाली दुसऱ्या रिकाम्या बादलीत सोड.

मग नुसत्या गरम पाण्याने घासायचं. पाण्याच्या रेषेवर क्षारांचा पांढरा पट्टा बसलेला दिसेल; त्याला पांढरं व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवलंस की नखानेही सुटतो. नंतर टाकी भरपूर पाण्याने धुऊन टाक. इथे घाई करू नकोस. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरतो. संडासच्या ॲसिडचंही तेच. कासवाच्या मुताने माखलेल्या टाकीत थेट ब्लीच ओतलं तर अमोनियामुळे तसाच विषारी वायू होतो. शिवाय गाळ आणि शेवाळ तसंच राहिलं तर ब्लीचची निम्मी ताकद त्यातच खर्ची पडते, जंतू मरत नाहीत. म्हणून आधी घासणं, मग जंतुनाशक, हा क्रम सोडायचा नाही.

ब्लीच साधं घे, वासाचं किंवा साबण मिसळलेलं नको. एक लिटर पाण्याला तीस मिलीलिटर. दर वेळी ताजं कालव, उरलेलं ठेवू नकोस. खिडकी उघडी ठेव, सगळीकडे नीट लाव आणि दहा मिनिटं ओलं राहू दे. मग धुवत राहायचं, वास पुरता जाईपर्यंत. त्यानंतर टाकी आणि गुळगुळीत दगड कडक उन्हात खडखडीत वाळव. लाकडाच्या ओंडक्याला ब्लीच लावू नकोस, ते आत मुरतं. ओंडका उकळून वाळव. आणि आपल्याकडची सवय म्हणून फिनेल किंवा डेटॉल काढशील, तर नको. त्यातली द्रव्यं कासवासारख्या प्राण्यांना विषारी असतात. आईने पाठवलेलं खोबरेलही कवचाला चोळू नकोस. मऊ ब्रश आणि पाणी पुरे.

फिल्टरचा मात्र नियम उलटा. त्याच्या स्पंजात उपयोगी जिवाणूंची वस्ती असते. कासवाच्या घाणीतला अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग कमी घातक नायट्रेटमध्ये बदलतात. अमोनिया साचला तर कासवाचे डोळे सुजतात, कातडी बिघडते. स्पंज नळाखाली धुतलास तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ही वस्ती मरते, आणि पुढचे काही आठवडे पाणी दिसायला नितळ असलं तरी आतून बिघडलेलं राहतं. म्हणून स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात हलका पिळायचा, तोही बादलीत. याच कारणासाठी दर रविवारी अख्खी टाकी ब्लीचने धुणं मला पटत नाही. दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदल, गाळ ओढून घे, रोजचं उरलेलं खाणं उचल. ब्लीच महिन्यातून एकदा, किंवा कासव आजारी पडलं तर. नव्या पाण्यात क्लोरीन मारणारं औषध टाक. तुमच्याकडे बऱ्याच ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते नुसतं रात्रभर ठेवून उडत नाही. नवं पाणी जुन्याइतकंच उबदार असावं. आणि सगळं झालं की साबणाने हात धुवायचे, कोपरापर्यंत, मोजे घातले असले तरी.

एक गोष्ट आधीच ध्यानात घे. हे पिल्लू मोठं होऊन ताटलीएवढं होईल आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगेल. कंटाळा आला म्हणून कोणीही ते तळ्यात सोडायचं नाही. मिसिसिपीच्या खोऱ्यातली ही जात जगभरच्या तळ्यांत पसरून तिथल्या कासवांच्या जिवावर उठली आहे. सांभाळणं झेपेना असं वाटलं, तर आपण मिळून एखादी प्राण्यांना सांभाळणारी संस्था शोधू.

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची मोजून कळव, म्हणजे फिल्टर किती लिटरचा घ्यायचा ते सांगते. कासवासाठी टाकीत आहे त्याच्या दुप्पट पाण्याचा घ्यावा लागतो, दुकानदार सहसा लहानच देतात. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझीच,
मंगल