ताप लपवू नका



मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात शिमोन पेत्राची सासू तापाने अंथरुणाला खिळली आहे. प्रभू येशू घरात येताच घरच्यांनी तिचा ताप लगेच त्याच्या कानावर घातला. ‘आधी जेवणे होऊ देत, मग सांगू’ असे कोणी म्हटले नाही. हा ‘लगेच’ आम्ही अनेक वर्षे शिकवला. आम्हाला तो कळला मात्र उशिरा.

भालकीकडच्या एका खेड्यातल्या आमच्या मावशींना स्तनाचा कॅन्सर होता. केमोनंतर दहाव्या दिवशी संध्याकाळी त्यांना थंडी वाजून ताप आला. सूनबाई म्हणाल्या, “दवाखान्यात न्यायचे का?” जपमाळेला जमलेले आम्हीच म्हणालो, “गोळी देऊ, सकाळी बघू.” गोळीने ताप उतरला. आम्ही देवाचे आभार मानले. पहाटे मावशी असंबद्ध बोलू लागल्या, हातपाय गार पडले. तिसऱ्या दिवशी त्या प्रभूच्या घरी गेल्या.

लवकर नेले असते तर त्या वाचल्याच असत्या, असे आम्ही म्हणू शकत नाही. पण ती रात्र आम्ही घालवली, हे खरे.

केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी होतात. तेव्हा जंतुसंसर्ग झाला तरी सूज नाही, पू नाही. कित्येकदा ताप हीच एक खूण. पॅरासिटामॉलने ती खूणही झाकली जाते, संसर्ग आत वाढतच राहतो. म्हणून 100.4 फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला, की रात्र असली तरी 108 ला फोन करावा आणि निघावे. दारातच सांगावे, “केमो चालू आहे, ताप आला आहे,” आणि फाईल दाखवावी. अशा रुग्णाला तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळणे गरजेचे असते.

पाठदुखीबरोबर पायांतली शक्ती जाणे, लघवी अडणे, चेहरा सुजून दम लागणे, न थांबणारा रक्तस्राव, अचानक गुंगी. यातले काहीही दिसले तरी सकाळची वाट पाहू नये.

मग प्रार्थना करायची नाही का? करायची, गाडीत बसून करायची. आता आमच्या धर्मग्रामात केमो चालू असलेल्या प्रत्येक घरी थर्मामीटर आहे, आणि रात्री गाडी काढणाऱ्या तिघांचे नंबर भिंतीवर लिहिलेले आहेत.

हे प्रभू, आमच्या उशिराची आम्हाला क्षमा कर. दुसऱ्याचा ताप पाहून लगेच उठणारे पाय आम्हाला दे. आमेन.